मोकळा फ्लॅश

“ज्यात माणूस लगेच दिसतंय, तो घ्या,” आई म्हणाली आणि पदर परत गालावर ओढून बसली.

काउंटरच्या काचेवर दोन कॅमेरे होते. एक काळा, जड, कुणीतरी वापरून विकलेला. त्याची लेन्स बदलता यायची आणि अण्णांच्या जुन्या दोन्ही लेन्स त्याला बसत होत्या. पाठीमागचा पडदा मात्र टपालाच्या तिकिटाएवढा, आणि उजेडात धरला की त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दुसरा चंदेरी, हलका, दिसायला देखणा. त्याचा पडदा काडेपेटीहून मोठा होता आणि दाराच्या फळीसारखा बाहेर उघडून हवा तसा फिरवता यायचा. किमतीत उणंपुरं हजाराचं अंतर. तीस हजारांच्या आत बसणारे हे दोनच, आणि आमच्याकडे पैसे एकाचेच.

मला काळा हवा होता. त्यात काही माझी आवड नव्हती, पोटाचा प्रश्न होता. चंदेरी कॅमेऱ्याचं बटण दाबलं की तो क्षणभर विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. आमचा धंदा लग्नांचा. अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, नवरानवरी एकमेकांकडे बघतात, आणि तेवढ्यात संपतंही सगळं. तिथं विचार करत बसणारा कॅमेरा काय कामाचा?

गडहिंग्लजला आमचा ‘तोडकर फोटो’ नावाचा स्टुडिओ होता. दिनकर तोडकर म्हणजे माझे अण्णा, आणि मी वैजयंता, त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत असल्यापासून मी डार्करूममध्ये त्यांच्या हाताखाली होते. त्या वर्षी गावातल्या लॅबवाल्यानं सांगून टाकलं की दिवाळीनंतर तो रोल धुणार नाही, मशीनच विकून टाकतोय. कार्तिकात पाटलांच्या घरचं मोठं लग्न आमच्याकडे होतं आणि त्यांना फोटो डिजिटलवरच हवे होते. म्हणजे आता कॅमेरा घ्यायचा, नाहीतर शटर कायमचं खाली ओढायचं. असं सगळं असताना घ्यायला आम्ही कोल्हापूरला आलो तो दिवस मात्र भलताच होता.

आईला त्याच संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. लग्नाच्या आधीपासून ती दातांना तंबाखूची मिश्री लावायची. उजव्या गालाच्या आत गाठ आली, ती तिनं वर्षभर कुणाला सांगितली नाही, आणि सांगितली तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. जबड्याचा एक भाग काढावा लागणार, तोंड पहिल्यासारखं राहणार नाही, असं डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला म्हणजे दोन पावलांवर. आईनं शब्द न् शब्द ऐकला. खर्च माझ्या मामानं अंगावर घेतला होता आणि कॅमेऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही, अशी आईनंच सगळ्यांना शपथ घातली होती. त्या बदल्यात तिनं एकच गोष्ट मागितली. आत जायच्या आधी तिचा एक फोटो काढायचा, आहे त्या तोंडाचा.

यात अवघड असं काहीच नव्हतं. आदल्या दिवशी अण्णांनी जुना कॅमेरा काढला, रोल भरलेला होता, तिला म्हणाले, चल, पडद्यापुढं बस. ती म्हणाली, रोलावर नको. अण्णांनी विचारलं, का? ती चुलीकडं तोंड करून बसली. आणि आता दुकानात बसून ही माउली म्हणत होती की ज्यात लगेच दिसतं तोच घ्या.

घरात फोटोग्राफर असून आईचा धड असा एक फोटो आमच्याकडे नव्हता, हे खरं. लग्नाच्या ग्रुपमध्ये होती, तीही मुंडावळ्यांच्या आड. मतदानाच्या ओळखपत्रावर होती, पण तिथला काळा डाग शेजारच्या कुणाही बाईचा म्हणून खपला असता. तसं बघायला गेलं तर अण्णा दर दिवाळी पाडव्याला तिचा फोटो काढायचे. ओवाळून झालं की ती नवं लुगडं नेसून, नथ घालून स्टुडिओत यायची. मागं डोंगर आणि राजहंस रंगवलेला पडदा. फ्लॅश उडायचा. मग पुढे कधी रोल संपलेला नसायचा, कधी रोलला उजेड लागलेला असायचा, कधी लॅबवाल्यानं घोळ घातलेला असायचा. चांभाराच्या घरच्यांनी अनवाणी फिरावं तसंच हे, असं समजून मी त्यावर कधी डोकं चालवलं नाही.

“आई, तुला ह्यातलं काय कळतंय गं?” मी जरा चिडूनच म्हटलं. दुकानाचे मालक उपाध्ये, शांत माणूस, तोही आता घड्याळाकडे बघायला लागला होता. अण्णा तिला पाणी आणायला बाहेर गेले होते. मी तिला धरून आतल्या बाकावर नेलं आणि समजावायला बसले. पाटलांच्या लग्नात अक्षतांचा फोटो हुकला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पुढचं एकही लग्न मिळणार नाही, मग खायचं काय, वगैरे. आजारी माणसाशी बोलायची ही रीत नव्हती. पण तिचा असला हट्ट मी जन्मात पाहिला नव्हता आणि मला भीती वाटत होती, सगळ्याचीच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पदर खाली घेतला. गाठीमुळे तिचे शब्द जड यायचे, त्यामुळे ती हळू बोलायची.

“तू अण्णांचा अंगठा बघितलाईस कधी?”

“कसला अंगठा?”

“फोटो काढला की अंगठ्यानं खटका ओढतात बघ. रोल पुढं सरकवायला.”

“व्हय. मग?”

“माझा काढला की ओढत न्हाईत.”

मला कळायला वेळ लागला नाही. धंद्यातल्या माणसाला लागणारच नाही. लग्नात गल्लीभरचे पाहुणे फोटोग्राफरच्या मागे लागतात. नवऱ्याच्या मावशीचा दीर येतो, मित्रांचं टोळकं येतं, गळ्यात गळे घालून उभं राहतं, आमचा एक घ्या म्हणतं. एवढे रोल कुणाच्या बापाचे? नाही म्हणावं तर भांडण. मग फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावतो, हसा म्हणतो, आणि फ्लॅशच्या मागचं बारकं बटण तेवढं दाबतो. लख्ख उजेड पडतो, पाहुणे खूश होऊन जेवायला जातात. याला आम्ही मोकळा फ्लॅश म्हणायचो. सगळेच मारायचे. अण्णा तर त्यात उस्ताद. गडहिंग्लजातली निम्मी माणसं अशी हवेतच आहेत, असं म्हणून आम्ही दोघं डार्करूममध्ये हसायचो.

“दर पाडव्याला?” मी विचारलं.

“दर पाडव्याला.” ती बाकाच्या कडेकडं बघत होती. “मी अंगठ्याकडंच बघत बसायची. म्हणायची, ह्या वर्षी तरी हलंल.”

“मग बोलली का न्हाईस कधी?”

“काय बोलायचं? घरचं माणूस, फुकट रोल कशाला घालवायचा, म्हणत असतील.” मग ती म्हणाली, “आणि नटून बसलं की तेवढ्यापुरतं तरी माणूस माझ्याकडं बघायचं, बाई. सगळं काम सोडून.”

मान वर केली तर पाण्याचा पेला घेऊन अण्णा आमच्या मागेच उभे होते. कधीपासून, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी पेला तिच्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला. तोंडात मारल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. माझ्याकडे न बघता ते काउंटरशी गेले आणि उपाध्यांना म्हणाले, मोठ्या पडद्याचा जरा हातात द्या.

मी अडवलं नाही. लग्नाचं, पाटलांचं, पोटाचं सगळं माझ्या ओठांवर होतं, पण ते त्या वेळी बोलणं जिवावर आलं.

अण्णांनी बाक दारापाशी ओढला, उजेड एका बाजूनं येईल असा. आईला बसवलं, हनुवटीला बोट लावून तोंड थोडं वळवलं, पदर नीट केला. उपाध्ये आणि दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक बघत होते, पण अण्णांना त्याचं भान नव्हतं. आई ताठ बसली आणि तिनं त्यांच्या हाताकडं नजर लावली. बटण दाबलं, कॅमेऱ्यानं त्याचा तो क्षणभर घेतला, उजेड पडला. अण्णांचा अंगठा सवयीनं खटका शोधत मागे गेला. तिथं नुसतंच गुळगुळीत प्लास्टिक होतं.

त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. आई त्यात दिसत होती. खरंच छान दिसत होती. गालाची सूज सावलीत गेली होती आणि कपाळावर, नाकावर उजेड होता.

“ही मी?” आईनं विचारलं. मग पडद्याला बोट लावून बघितलं. “गाठ न्हाई व्हय दिसत?”

“सावलीत घेतलीया,” अण्णा म्हणाले.

तेवढ्यात पडदा बदलला आणि त्यात परत दुकानाची फरशी दिसायला लागली. आई दचकली. “गेला की.”

“आत राहिला. आता कुठं जात न्हाई.”

त्यांनी आणखी काढले. नथ नव्हती, तर ती म्हणाली असू दे. एकात ती हसली, दुखत असूनही. प्रत्येक वेळी पडदा तिच्याकडे वळवून दाखवत होते आणि ती दर वेळी तेवढ्याच नवलानं बघत होती. इतक्या वर्षांत आईला अण्णांनी असं काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. त्या दिवसातलं तेवढंच बरं.

उपाध्ये म्हणाले, हा शोकेसमधला पीस आहे, रोज दहा जण हाताळतात, तुम्हाला आतून सीलबंद देतो. अण्णा म्हणाले, मला हाच पाहिजे. उपाध्यांना नवल वाटलं. त्यांनी पुन्हा सांगून बघितलं, अण्णा ऐकेनात. तिचे फोटो ह्यात होते, ते सोडून दुसरा कोरा घेऊन जायचा कसा? शेवटी उपाध्यांनी शोकेसचा म्हणून थोडी रक्कम कमी केली आणि सोबत कार्ड घेणार का विचारलं. अण्णा म्हणाले, ते पुढच्या खेपेला, सध्या आहे ते बास. उपाध्यांना वाटलं, यांच्याकडे घरी कार्ड असेल. अण्णांना वाटलं, जुन्या दुकानांत दाखवायच्या कॅमेऱ्यात एक रोल घातलेलाच असतो, तसं आत एक असणार. मला तर काही वाटायच्या मनःस्थितीतच मी नव्हते. आम्ही कॅमेरा पिशवीत घातला आणि रिक्षा करून दवाखाना गाठला.

सकाळी आईला आत नेलं. नेताना तिनं अण्णांना नुसतं विचारलं, नीट ठेवलाय न्हवं? त्यांनी पिशवीवर हात ठेवून दाखवला.

ऑपरेशन लांबलं. अण्णा बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. काही खाल्लं नाही. उन्हं चढल्यावर मला म्हणाले, “काढ बघू जरा. बघू दे मला.”

मी कॅमेरा चालू केला. फोटो बघायचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की चित्र नाही. मला वाटलं, चुकीचं बटण दाबलं. बंद करून परत चालू केला, सगळी बटणं दाबून बघितली, तीच ओळ. मग कॅमेरा उलटा केला आणि तळाचं झाकण उघडलं. बॅटरीच्या शेजारी कार्डाची जागा होती. ती रिकामी होती.

कॅटलॉगमध्ये मी हे वाचलं होतं आणि त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं. दुकानात दाखवायला ठेवलेला कॅमेरा कार्डाशिवायही फोटो काढल्यासारखं करतो, घटकाभर दाखवतो आणि सोडून देतो. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं.

“म्हंजे रोलच नव्हता आत?”

“नव्हता, अण्णा.”

“मग तिला दिसली ती?”

“दिसली तेवढीच.”

ते उठले. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी गेले आणि दारावर तळहात टेकून उभे राहिले, आत ढकलणार नाहीत आणि बाजूलाही होणार नाहीत, असे. आतून आलेल्या दवाखान्याच्या मावशींनी त्यांना दटावून परत पाठवलं. बाकावर बसल्यावर ते मला म्हणाले, “घरचं माणूस गं. कधीबी काढता येईल, असं वाटायचं. आज रोल महाग हाय, पुढच्या पाडव्याला काढू. दर वर्षी असंच वाटायचं.”

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. आत, त्या दाराच्या पलीकडे, तोवर तिचं तोंड बदललं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. आई त्यातून वाचली आणि नंतर दीड वर्ष होती. त्या दीड वर्षात तिनं स्वतःचा फोटो कुणालाही काढू दिला नाही. अण्णांनी लग्नांची कामं सोडली, ती मी करायला लागले. पाटलांच्या लग्नात अक्षतांचा फोटो व्हायचा तसा हुकलाच. नवरानवरीच्या पायाशी पडलेल्या अक्षता तेवढ्या छान आल्या. पाटलांनी वर्षभर ऐकवलं, पण शटर काही खाली ओढावं लागलं नाही, कसंबसं निभावलं. तिच्या तेराव्याला पाटावर काय ठेवायचं म्हणून नातेवाइकांनी ओळखपत्रावरून चित्र काढून घ्यायचं ठरवलं, तर अण्णांनी ते होऊ दिलं नाही. आईचा फोटो आमच्याकडे नव्हता आणि आजही नाही.

स्टुडिओत एक फोटो मात्र मी लावलेला आहे. गिऱ्हाईकं विचारतात, हा असा तिरका, कपाळ कापलेला, हलल्यासारखा फोटो फोटोग्राफरनं भिंतीवर कशाला लावलाय? तो त्या दवाखान्यातला आहे.

आईला अतिदक्षता विभागातून बाहेर आणल्यानंतरची गोष्ट. डोक्यापासून गळ्यापर्यंत पट्ट्या, नाकात नळी, बोलायचं तर नावच नको. उघडे होते ते डोळे आणि डावा गाल. तोवर मी कार्ड विकत घेऊन कॅमेऱ्यात घातलं होतं, काय उपयोग म्हणून मनात चडफडत. दुपारी ती जरा सावध झाली आणि तिनं दोन्ही हातांच्या बोटांनी एक चौकोन करून दाखवला. मग पिशवीकडे बोट केलं.

मी खोटं तयार ठेवलं होतं. बॅटरी उतरलीय, चार्जर गावाकडं राहिलाय, असं सांगायचं, आणि मग बघू. मी म्हटलंही, “आई, त्याचं काय झालंय…” पण अण्णांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. मग खुर्ची तिच्या जवळ ओढून बसले.

“निघाला न्हाई,” ते म्हणाले. “एकबी निघाला न्हाई. आत काय नव्हतंच. आधीचे सगळे मोकळे मी जाणूनबुजून मारलेते. ह्या वेळंला मला म्हाईत नव्हतं, आक्काताई. तुझी आण.”

तिला नावानं हाक मारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. आई बघत राहिली. चेहऱ्यावर काही दिसायला चेहराच मोकळा नव्हता. अण्णा रडायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, आजूबाजूला सगळी खाटांवरची माणसं बघतायत, आणि हे तोंडही न झाकता रडतायत.

आईनं हात पुढं केला. मला वाटलं, त्यांचा हात धरायला. पण तिला पिशवी हवी होती. मी कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. सलाईनच्या सुईचा हात होता, पण दुसऱ्यानं आधार देऊन तिनं तो उचलला. चालू करून दे, अशी खूण केली. मी दिला. बटण कुठलं, ते दाखवलं.

तिनं तो अण्णांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी पंच्यानं डोळे पुसायला सुरुवात केली, तर तिनं मान हलवून नको म्हटलं. आणि बटण दाबलं. कॅमेऱ्यानं नेहमीसारखा क्षणभर विचार केला, तेवढ्यात हात थोडा हलला, आणि उजेड पडला.

आईनं पडद्यात बघितलं. बराच वेळ बघितलं, जणू आत सगळं आलंय का, याची खात्री करत होती. मग तिनं पडदा उघडून अण्णांच्या बाजूला फिरवला. ते खाली मान घालून बसले होते. तिच्या हातावर सुईच्या जागी रक्त दिसायला लागलं, मी घ्यायला पुढं झाले तर तिनं डोळ्यांनीच मला मागं सारलं. अण्णांनी मान वर करून नीट बघेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.